कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप की डेस्कटॉप? बजेट ६५ हजार

नाहूरकर

मंडळी, मदत हवी आहे. मुलीला कॅपच्या दुसऱ्या फेरीत अंधेरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं. आम्ही नाहूरला राहतो, वन रूम किचन. ती लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रोने अंधेरी अशी रोज जाणार. खर्चाची मर्यादा ६५ हजार, आणि वस्तू चारही वर्षं चालली पाहिजे.

दुकानात गेलो तर गेमिंग लॅपटॉपच घ्या म्हणाले, कारण या शाखेला ग्राफिक्स कार्ड लागतंच म्हणे. पुतण्या म्हणतो मॅकबुक. मेहुणा म्हणतो, तेवढ्याच पैशात कितीतरी ताकदीचा डेस्कटॉप बसेल. मी बँकेत आहे, कॉम्प्युटर रोज वापरतो पण त्याच्या आतलं काही कळत नाही. तिला काय लागेल आणि ते का लागेल, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

अर्धविराम

लेकीचं अभिनंदन! माझा मुलगाही यंदाच बारावीला आहे, म्हणून वाचतेय.

रात्रपाळी

नाहूरकर, मी सर्व्हरच्या देखभालीचं काम करतो आणि सोसायटीतली मुलं दर जुलैत हाच प्रश्न घेऊन येतात. जरा सविस्तर लिहितो.

आधी चार वर्षांत ती मशीनवर काय करणार ते बघू. सुरुवातीला सी आणि पायथन. मग डेटा स्ट्रक्चर्स, जावा, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, ८०८६ची असेंब्ली. पुढे नेटवर्किंग, वेब, मोबाइल अ‍ॅप, मशीन लर्निंग, क्लाउड. कॉलेज स्वायत्त असेल तर क्रम मागेपुढे होतो, विषय साधारण हेच. यातली पहिली दोन वर्षं कुठल्याही धड मशीनवर निघतात. सीचा प्रोग्रॅम कंपाइल व्हायला दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरही पुरतो. खरा ताण येतो तिसऱ्या वर्षी, आणि तो येतो रॅमवर.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, हा स्वयंपाकघरातला ओटा आणि एसएसडी, म्हणजे फाइल कायमच्या साठवणारी डिस्क, हे फडताळ. फडताळ कितीही मोठं असलं तरी एका वेळी ओट्यावर मावेल तेवढाच पसारा मांडता येतो. विंडोज ११ चालू होतानाच तीन-चार जीबी घेतं. त्यावर क्रोमच्या वीस टॅब, अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन), किंवा उबुंटू या लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. ८ जीबीत हे मावत नाही. मग विंडोज रॅममधला माल एसएसडीवर टाकत आणि परत काढत बसतं, आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानाने फार हळू. माउस अडकतो, पोरं म्हणतात लॅपटॉप जुना झाला. तो जुना झालेला नसतो, त्याला रॅम कमी पडत असते.

म्हणून १६ जीबी. यात तडजोड नको. पण दुकानात विचारायचा महत्त्वाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये आहे? सोल्डर केलेली असेल तर घेताना जेवढी मिळाली तेवढीच जन्मभर. रॅमच्या प्रकारात एलपीडीडीआर लिहिलेलं असेल तर जवळजवळ नेहमीच ती सोल्डर केलेली असते. स्लॉट असेल तर तिसऱ्या वर्षी वाढवता येते. आधी ८ घेऊ, मग वाढवू असा विचार मात्र करू नका. २०२५ संपता संपता रॅमचे भाव एकदम चढले, कारण चिप बनवणाऱ्यांचा बराच माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. रॅम दर वर्षी स्वस्तच होणार हे गृहीत धरून नियोजन करू नये.

आणखी एक गोष्ट. १६ जीबीची एकच स्टिक असण्यापेक्षा ८-८ च्या दोन असल्या तर प्रोसेसरला रॅमपर्यंत दोन वाटा मिळतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला याचा फायदा चांगला जाणवतो, कारण त्याचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

प्रोसेसरची नावं मुद्दाम गोंधळात पाडणारी आहेत, हे मला मनापासून खटकतं. एएमडी कंपनीचं उदाहरण देतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्ही ‘रायझन ५’, दोन्ही ७००० मालिका, दुकानात शेजारी शेजारी मांडलेले. पण यातला तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, जी २०१९ची रचना आहे. त्यात चार कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) आणि रॅम सोल्डर केलेली. ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोअर. ७६४० असेल तर झेन ४. नावात एका आकड्याचा फरक, पण वापरताना फरक मोठा. एएमडीच्या ७००० मालिकेतला लॅपटॉप घेताना तो तिसरा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, बॅटरी टिकवणारा. एच म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता, पंख्याचा आवाज. आय५-१२४५०एचमध्ये आठ कोअर आहेत आणि अभ्यासाला तो भरपूर झाला. सेलेरॉन कितीही स्वस्त मिळाला तरी नको, आणि स्टोरेजच्या जागी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू साठवण) लिहिलं असेल तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा. ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी पुरते.

शेवटचा_डबा

मी तिसऱ्या वर्षाला आहे, बदलापूरहून माटुंग्याला जातो. काका, वजन बघा. कोअर आणि रॅमबद्दल सगळे बोलतात, पाठीबद्दल कुणी बोलत नाही. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलो, त्याचा चार्जर अर्धा किलो किंवा त्याहून जड. त्यात वह्या, डबा, पाण्याची बाटली. संध्याकाळच्या गर्दीत बॅग पुढे छातीशी धरून उभं राहावं लागतं. आमच्या वर्गात ज्यांनी असे लॅपटॉप घेतले त्यातले बरेच जण पहिल्या सत्रानंतर ते घरीच ठेवायला लागले आणि कॉलेजात मोबाइलवर काम उरकायला लागले.

दीड-पावणेदोन किलोच्या आत बसवा. आणि तो साध्या टाइप-सी चार्जरवर चालतो का तेही बघा. लॅबमध्ये प्लग पॉइंट मोजके असतात, त्यामुळे बॅटरी कमीत कमी ५० वॉट-अवरची असू दे. पुष्कळ स्वस्त मॉडेलना ४०-४२ची देतात आणि जाहिरातीत नुसते तास लिहितात. स्पेसिफिकेशनमध्ये वॉट-अवर शोधायचे.

दशांश

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण ग्राफिक्स कार्डाबद्दल माझं मत वेगळं आहे. आता एआयशिवाय नोकरी नाही. एनव्हिडियाचं कुडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर हिशेब चालवायची सोय, २००७ पासून आहे आणि मशीन लर्निंगचं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर त्याच्यावर बेतलेलं आहे. ६५ हजारांत एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० कार्डाचा लॅपटॉप येत असेल तर का सोडायचा? मुलीला चौथ्या वर्षी हातात कार्ड हवं असेल आणि नसेल, तर तेव्हा काय करणार? लॅपटॉपमध्ये ते नंतर बसवता येत नाही.

प्रयोगशाळा

मी याच शाखेला शिकवते, म्हणून दशांश यांच्या मुद्द्यावर लिहायला हवं. मुद्दा प्रामाणिक आहे, पण आकडे बघू.

मॉडेल चालवताना कार्डाची ताकद नंतर अपुरी पडते, त्याआधी त्याची मेमरी संपते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ३०५०ला बहुधा ४ जीबी मेमरी असते, काहींना ६. सात अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलने शिकून साठवलेले आकडे) भाषेचं मॉडेल घ्या. प्रत्येक पॅरामीटरला दोन बाइट धरले तर नुसतं ते मॉडेल ठेवायला १४ जीबी लागतात. चार बिटांवर दाबून आणलं तरी साडेतीन जीबी, शिवाय हिशेब करायला जागा लागते ती वेगळीच. आणि हे फक्त चालवण्याचं. शिकवायचं म्हटलं तर याच्या कितीतरी पट. म्हणजे ज्या कामासाठी कार्ड घ्यायचं म्हणताय, ते काम त्या कार्डात मावतच नाही. आणि जे मावतं, म्हणजे हाताने लिहिलेले आकडे ओळखणं, छोटी चित्रं वेगळी करणं, घरांच्या किमतींचा अंदाज, ते साध्या प्रोसेसरवरही होतं; थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

विद्यार्थ्यांना गुगल कोलॅब या ब्राउझरमधून चालणाऱ्या सेवेवर फुकटात टी४ कार्ड मिळतं, त्याला १६ जीबी मेमरी आहे. कॅगल या तशाच साइटवर आठवड्याला साधारण ३० तास कार्ड वापरता येतं. माझे विद्यार्थी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प याच दोन ठिकाणी करतात. त्यासाठी चांगलं इंटरनेट हवं, आणि सत्र मध्येच तुटलं तर काम जाऊ नये म्हणून फाइल सतत ड्राइव्हवर ठेवण्याची शिस्त हवी. ती शिस्त पुढे नोकरीतही उपयोगी पडते, कारण तिथेही मोठं काम दूरच्या मशीनवरच चालतं.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. ताकदीचं मशीन घेऊन आलेल्या मुलांना टर्मिनल (टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) उघडून फोल्डर बदलता येत नाही. काही ठिकाणी अजूनही टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहून घेतात, आणि मग मुलं बाहेर जीसीसी या आजच्या कंपायलरसमोर बसली की त्यांना सगळंच परकं वाटतं. लॅपटॉप घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यावर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) कसंही करून आणा, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) शिकायला बसवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन यांचे धडे मराठीतूनही आहेत, फुकट आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलांना मी आधी तेच लावून देते. आईवडिलांनीही शेजारी बसून ऐकावेत.

दशांश

मेमरीचा हिशेब पटला. ४ जीबीचं कार्ड असेल तर मीही आग्रह धरणार नाही. पण गेम डेव्हलपमेंट किंवा थ्रीडीत जायचं असेल तर कार्ड हवंच, एवढं नोंदवून ठेवतो.

प्रयोगशाळा

हो, तिथे हवं. आपला तो कल मुलांना साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत कळतो.

लोअर_परळ

मॅकबुकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी ऑफिसात तोच वापरतो. बॅटरी, पडदा, कीबोर्ड उत्तम, आणि वजन सव्वा किलोच्या आसपास. आतून युनिक्स असल्यामुळे टर्मिनलची सवय आपोआप लागते. पण अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर विंडोज थेट टाकता येत नाही, कुडा चालत नाही, आणि कॉलेजच्या लॅबमधलं एखादं फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आलं की अडायला होतं. २०२४च्या शेवटापासून मॅकबुक एअरची सुरुवातच १६ जीबीने होते, ते चांगलं झालं. पण जुन्या ८ जीबीच्या, एम१ चिपच्या मॅकबुकची स्वस्त ऑफर दिसली तर चार वर्षांचा विचार करा. त्यात रॅम पुढे कधीच वाढत नाही. ६५ हजारांच्या मर्यादेत १६ जीबीचा नवा एअर बसवणं कठीण आहे, त्यामुळे पुतण्याला प्रेमाने नाही म्हणा.

नाहूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रयोगशाळा ताई, तुमचा हिशेब मी बायकोला आणि लेकीला वाचून दाखवला. गेमिंगचा विचार सोडला. पण मेहुण्याचा डेस्कटॉप अजून डोक्यात आहे. त्याचं म्हणणं, कॉलेजात लॅब आहेच, घरी दणकट मशीन ठेवा. हे चुकीचं आहे का?

रात्रपाळी

चुकीचं नाही. रायझन ५ ५६००जीसारखा प्रोसेसर घेतला तर सहा कोअर, ग्राफिक्स आतच, वेगळ्या कार्डाची गरज नाही. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पैशाला ताकद जास्त मिळते, हे मेहुण्यांचं अगदी खरं आहे.

पण तुमच्या घराचं आणि तिच्या दिवसाचं बघा. वन रूम किचनमध्ये डेस्कटॉप बाहेरच्या खोलीत येणार, जिथे टीव्ही आहे, पाहुणे येतात, रात्री अंथरुणं पडतात. तिला रात्री अकराला स्वयंपाकघरात बसून काम करायचं असेल तर ते मशीन उचलून नेता येत नाही. हॅकॅथॉन, गटातला प्रकल्प, इंटर्नशिप, सगळीकडे स्वतःचं मशीन घेऊन जावं लागतं. कॅम्पसच्या ऑनलाइन परीक्षांना कॅमेरा लागतो. शिवाय वीज. नाहूरला तुमच्याकडे महावितरण आहे. पावसाळ्यात एकदा जरी लाइट गेली तरी डेस्कटॉप तत्क्षणी बंद, म्हणजे यूपीएसचा खर्च वाढला. लॅपटॉपमध्ये ते काम आतली बॅटरीच करते.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: पन्नास हजारांच्या आसपास लॅपटॉप, आणि उरलेल्यातून आठ-दहा हजारांत २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर. भिंतीवर हाताने फिरवता येणारा स्टँड लावलात तर टेबलाचीही जागा वाचते. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला धडा, असं काम करता आलं की अभ्यासाचा वेग खरोखर बदलतो. त्यासोबत साधा कीबोर्ड आणि माउस. चार वर्षं लॅपटॉपच्या पडद्यात मान घालून बसलेली मुलं मी रोज ऑफिसात बघतो, विशी-बाविशीत मानेचे पट्टे लावून येतात. राहिलेले पैसे खर्च करू नका, तिसऱ्या वर्षीच्या रॅमसाठी राखून ठेवा.

पाचवी_गल्ली

खरेदीबद्दल माझ्याकडून. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला एक फेरी माराच, घ्या किंवा घेऊ नका. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मॉनिटर, रॅम, कीबोर्ड तिथे हातात घेऊन बघता येतं. लॅपटॉपचा भाव तिथे, मोठ्या शोरूममध्ये आणि ऑनलाइन असा तिन्हीकडे काढा.

भाव विचारताना मालिकेचं नाव सांगू नका, पूर्ण मॉडेल नंबर सांगा, शेवटच्या अक्षरांसकट. एकाच नावाखाली पाच-सहा प्रकार असतात. एकात पडदा ४५ टक्के एनटीएससीचा, म्हणजे कमी रंग दाखवणारा, फिका, २५० निट्स उजेडाचा. दुसऱ्यात १०० टक्के एसआरजीबीचा, म्हणजे रंग नीट दाखवणारा. लांबून सारखेच दिसतात. मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पडद्याची ओळ वाचा. डोळे रोज सहा-सात तास त्या पडद्यावर असणार आहेत.

सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का ते आधीच विचारा. बिल स्वतःच्या नावावर, दुकानाचा जीएसटी नंबर आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर छापलेलं घ्या. खोक्यावरचा, खालच्या स्टिकरवरचा आणि बायोसमधला (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधला) सीरियल नंबर जुळतो का ते तिथेच बघा. कंपनीच्या साइटवर तो टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. ती आधीच सुरू झालेली असेल तर ते खोकं परत करा. दुकानदार जास्तीची रॅम लावून देतो म्हणाला तर मागचं झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारून मगच हो म्हणा. आणि घरी येऊन दुरुस्त करणारी ऑनसाइट वॉरंटी असू दे. परीक्षेच्या आठवड्यात मशीन सर्व्हिस सेंटरला जमा करून बसायची वेळ मुलांवर येऊ नये.

शेवटचा_डबा

लिनक्सबद्दल प्रयोगशाळा मॅडमनी लिहिलंय त्यात भर घालतो. विंडोज ११मध्ये डब्ल्यूएसएल म्हणून सोय आहे, त्यात उबुंटू विंडोजच्या आतच चालतं. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात खरा लिनक्स कर्नल आहे, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलचं बहुतेक काम होतं. पहिलं वर्ष तेवढं बस.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही शेजारी शेजारी टाकायचे असतील तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा आधीच एन्क्रिप्ट झालेली असते, कुणी ते सांगत नाही. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ती की मागतं, आणि ती नसली तर सगळा डेटा गेला. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरही सापडते, म्हणून खातं मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा, दुकानदाराच्या नको.

कॉलेजचं आयकार्ड मिळालं की गिटहबचा विद्यार्थी पॅक आणि जेटब्रेन्सच्या कोडिंग सॉफ्टवेअरचं शैक्षणिक लायसन्स घ्यायला सांगा, दोन्ही फुकट.

नाहूरकर

ठरलं. ७५३०यू, ८-८ च्या दोन स्टिक, दीड किलोच्या आसपास वजन असं एक मॉडेल लेकीने स्वतः शोधून काढलंय, आणि सोबत २४ इंची मॉनिटर. शनिवारी तिघंही लॅमिंग्टन रोडला जातोय. तिसरा आकडा कुठे बघायचा ते आता ती मला शिकवते.

अर्धविराम

माझा प्रश्न इथेच विचारू का? भाचीला बीएस्सी आयटीला प्रवेश मिळालाय, पण बहिणीची ऐपत तीस हजारांची आहे. त्यात नवीन काय येईल?

रात्रपाळी

ताई, जरूर विचारा. तीस हजारांत नवीन घेतला तर ८ जीबी आणि कमकुवत प्रोसेसर मिळेल. त्यापेक्षा कंपन्यांमधून बाहेर पडलेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप घ्या. उदाहरणार्थ थिंकपॅड टी४८०. मशीन २०१८चं आहे, पण बांधणी दणकट, कीबोर्ड अप्रतिम, रॅमचे दोन स्लॉट, आणि दोन बॅटऱ्या, त्यातली एक बाहेरून काढता येते. नाव सारखं म्हणून टी४८०एस घेऊ नका, त्यात अर्धी रॅम सोल्डर केलेली आहे.

एक रेघ पक्की आखा: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच. विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. सातव्या पिढीचा स्वस्तात दिसेल, तो फक्त लिनक्ससाठी घ्यायचा असेल तरच.

दुकानात बसून या गोष्टी तपासा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा; त्यात मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता अशा दोन्ही ओळी असतात. दुसरी पहिलीच्या निम्म्याच्या आत असेल तर बॅटरी बदलून मागा. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून एसएसडीची तब्येत बघा. बायोस उघडून बघा. कंपनीतून आलेल्या मशीनला कधी कधी बायोस पासवर्ड तसाच राहिलेला असतो आणि तो काढणं फार अवघड असतं. कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा, सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह लावून बघा, पडदा पूर्ण मागे-पुढे करून बिजागऱ्या ढिल्या नाहीत ना ते पाहा. शेवटी मागचं झाकण उघडून आतले रॅमचे स्लॉट दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पैसे न देता बाहेर पडा, त्याच रस्त्यावर असं काम करणारी बरीच दुकानं आहेत.

अर्धविराम

टी४८०, आठवी पिढी, बायोस पासवर्ड. लिहून घेतलं. बहिणीला आत्ताच फोन करते.